प्रयोगशाळेच्या दारात मुराळी

प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या की धुळ्यातलं ऊन खऱ्या अर्थानं अंगावर येतं. प्रयोगशाळेतले पंखे गरम हवा या टेबलावरून त्या टेबलावर ढकलत असतात, काचेच्या नळ्या हातात धरवत नाहीत, आणि मुलंमुली रुमालानं मान पुसत तोंडी परीक्षेसाठी समोर येऊन उभी राहतात. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. इतकी वर्षं तेच ते प्रश्न विचारून मलाच त्यांचा कंटाळा आलाय, पण परीक्षकाला कंटाळायची मुभा नसते.

या वर्षी एम.एस्सी.च्या एका मुलीला मी विचारलं, "सायक्लिक एएमपी तोडणारं एन्झाइम कोणतं?" तिनं फॉस्फोडायएस्टरेज हे लांबलचक नाव न अडखळता सांगितलं. मी म्हटलं, "तोडायचं कशाला पण? पेशीनं एवढा खटाटोप करून बनवलेला रेणू असतो तो." ती मग म्हणाली, "मॅडम, तो निरोप असतो. पोचला की मोडायला पाहिजे. नाहीतर पेशी तोच तोच निरोप ऐकत बसते, आणि मग तिला ऐकूच येईनासं होतं." बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. मी गुण लिहिले. ती दाराकडे दोन पावलं गेली आणि मागे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, मी निघू ना? भाऊ खाली कधीचा थांबलाय. मुराळी आलाय." गळ्यात नवं मंगळसूत्र होतं. लग्न याच वर्षी झालेलं.

मी "जा, जा" म्हटलं आणि पुढच्या मुलाला एक सोपा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर काही मला ऐकू आलं नाही.

आखाजीचं वेड ज्यानं खानदेशात चार दिवस काढले नाहीत त्याला समजावून सांगणं अवघड आहे. बाकीच्या महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आंबा. आमच्याकडे ती सासुरवाशिणींची. गावातल्या निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, सांजोऱ्या तळल्या जातात, आणि लग्न होऊन गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. ती आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं, भाऊ नाहीतर बाप, नाहीतर चुलता. तो मुराळी. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून आमचे लोक त्याला मुरायी म्हणतात. मुराळी दाराशी आला की सासरचे त्याला बसवतात, जेवू घालतात आणि लेक त्याच्याबरोबर पाठवतात. मुराळ्याला रित्या हातानं परत धाडत नाहीत. सासू कितीही खाष्ट असली तरी एवढं पाळतेच.

माझं लग्न झालं नाही. म्हणजे माझ्याकडे कधी मुराळी यायचं कारणच नव्हतं. तरी एकदा आला होता, आणि मी त्याला रित्या हातानं परत पाठवला. तो कशासाठी आला होता हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढं इतकी वर्षं ते कुणाला विचारायचं धैर्य झालं नाही. आखाजी आली की हा एकच प्रश्न माझ्या घरात उतरतो आणि ती जाईपर्यंत हलत नाही.

तेव्हा मी जळगावला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय हाच, फॉस्फोडायएस्टरेज. एन्झाइम काही बाटलीत विकत मिळायचं नाही, मिळालं तरी आम्हाला परवडायचं नाही. मी सकाळी सहाला खाटकाच्या दुकानाशी बर्फाचा डबा घेऊन उभी राहायचे. "बोकडाचा भेजा द्या, ताजा." पहिल्या दिवशी खाटीकचाचांनी मसाला कोणता वापरता म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि त्यानंतर माझ्यासाठी भेजा पानात न बांधता नीट बर्फावरच ठेवायला लागले. तो वाटायचा, गाळायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, आणि दिवसअखेर चमचाभर गढूळ पाणी हाताशी यायचं. त्या पाण्यात माझं एन्झाइम. ते थंडीतच जगतं. जळगावचा एप्रिल आणि त्यात भारनियमन. फ्रीज सहा-सहा तास बंद. मी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचे, गोणपाटात भुसा घालून गुंडाळायचे आणि दर दीड तासानं डब्यातलं पाणी ओतून नवा चुरा भरायचे. तान्ह्या मुलाचंसुद्धा कुणी इतकं करत नसेल.

आता वर्गात मी तेच एन्झाइम पडद्यावर दाखवते. संगणकावर त्याचं चित्र गोल गोल फिरवता येतं, आत शिरता येतं. मुलांना मी आधी बाकीचं शरीर झाकून फक्त एक भाग दाखवते, जो प्रत्यक्ष काम करतो तो. त्यात एक खोल खोबण आहे. खोबणीच्या तळाशी दोन धातू बसलेले असतात, एक जस्त आणि दुसरं बहुधा मॅग्नेशियम, आणि त्या दोघांच्या मधोमध पाण्याचा एकच रेणू, दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेला. सायक्लिक एएमपी येतं ते वळलेलं असतं. त्याच्या फॉस्फेटनं स्वतःच्याच साखरेला दोन ठिकाणी पकडून कडी केलेली असते, आणि ती कडी हाच निरोप. खोबणीत शिरलं की त्याचा चपटा भाग दोन भिंतींच्या फटीत सरकून बसतो, एका बाजूनं ग्लुटामिन त्याची कड धरतं, आणि फॉस्फेट नेमकं त्या पाण्यासमोर येतं. मग पाणी फॉस्फरसवर जातं आणि कडीची एक बाजू सुटते. एवढंच होतं. कडी उघडली, निरोप संपला. जे उरतं ते साधं एएमपी, आणि ते खोबणीतून निघून जातं. एन्झाइम होतं तसंच, पुढच्यासाठी तयार.

इथं मी मुलांना दरवर्षी एक गोष्ट दोनदा सांगते. एन्झाइम स्वतः काही तोडत नाही. तोडतं ते पाणी. एन्झाइम फक्त दोघांना समोरासमोर धरून ठेवतं. पाणी तर पेशीत सगळीकडे असतं, त्यातच सगळं बुडालेलं असतं, पण नुसतं जवळ असून काही होत नाही. मुलं हे वहीत लिहून घेतात. मी खडू खाली ठेवते आणि उगाच खिडकीशी जाते.

त्या काळी आम्ही ही खोबण पाहिलेली नव्हती. आमच्यापर्यंत चित्रं पोचलीच नव्हती. आम्हाला दिसायचा तो फक्त निळा रंग. कडी तुटली की पुढे सापाच्या विषातलं दुसरं एक एन्झाइम घालून फॉस्फेट सुटं करायचं, त्यात मॉलिब्डेट टाकायचं, आणि नळी निळी व्हायची वाट बघायची. जितकं काम जास्त तितका निळा गडद. मी त्या निळ्यासाठी जगत होते म्हटलं तरी चालेल. वय तेवीस. पारोळ्याच्या गल्लीतली, जिनिंगमधल्या फिटरची एकुलती एक मुलगी विद्यापीठात पोचली होती, आणि नळी निळी झाली की वाटायचं, आपण खरोखरच इथल्या आहोत.

आबा, माझे वडील, पारोळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये होते. कापूस आत जायचा, रुई एका बाजूला पडायची, सरकी दुसऱ्या बाजूला, आणि आबा दिवसभर यंत्राच्या रुळांना तेलपाणी करायचे. हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर घरात आबा आणि त्यांची थोरली बहीण. ती लवकर विधवा होऊन परत आलेली, सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. आबांना खोकला होता. तो इतका जुना होता की घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखा आम्हाला ऐकू येत नसे.

आखाजीला दोन दिवस होते. दुपारी साडेबारा-एकचा सुमार असेल. मी एका कागदावर पांढरी पूड तोलत होते. थिओफायलिन. दम्याचं जुनं औषध. ते एन्झाइमच्या खोबणीत जाऊन बसतं आणि सायक्लिक एएमपीला आत येऊ देत नाही. मग निरोप टिकून राहतो, श्वासनळीचे स्नायू सैल पडतात, आणि माणसाला दम घेता येतो. पुस्तकात हे सगळं होतं. माझ्या बोकडाच्या एन्झाइमवर ते खरं होतं का, हे मला त्या दिवशी बघायचं होतं.

जिन्यावर कुणीतरी थांबत थांबत चढत होतं. दोन पायऱ्या आणि एक थांबा, पुन्हा दोन पायऱ्या. आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. मला आठवतं, मी मनात म्हटलं, या उन्हात कोण म्हातारं माणूस आलंय. आणि पुन्हा तराजूकडे बघायला लागले.

दारात आबा होते. स्वच्छ धुतलेला पायजमा-सदरा, टोपी, खांद्यावर रुमाल, हातात कापडी पिशवी. भुवया काळ्याभोर. त्यांनी चपला बाहेर काढल्या. प्रयोगशाळेत चपला काढणारा माणूस मी ना त्याआधी पाहिला, ना त्यानंतर. आमचे सर टेबलाशी काहीतरी लिहीत होते. आबांनी त्यांना हात जोडले आणि जरा मोठ्यानं, पाठ करून आल्यासारखं म्हणाले, "राम राम सर. मी मुरायी शे. पोरले लेवाले उना."

माझ्या वर्गातल्या दोघीजणी खुदकन हसल्या. मी कानापर्यंत लाल झाले. लग्न न झालेल्या मुलीला न्यायला मुराळी! सर आमच्याच भागातले, शिरपूरकडचे. ते हसले नाहीत. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या ना भाऊ, बसा. हाई तिनं सासरच शे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा तू. चार दिवस राहून ये. बर्फ मी बदलतो."

आणि मी म्हटलं, "नाही सर. एन्झाइम मरेल."

आबांशीसुद्धा मी शुद्ध मराठीतच बोलले. "आबा, असं न कळवता कसं आलात? माझं काम अगदी महत्त्वाच्या टप्प्यावर आहे." महत्त्वाच्या टप्प्यावर! घरी मी असलं वाक्य तोंडातून काढलं असतं तर अक्कानं उलथणं फेकून मारलं असतं. मैत्रिणी ऐकत होत्या म्हणून मी तशी बोलले, दुसरं काही कारण नाही. याची मला आजही लाज वाटते, आणि ती दरवर्षी नव्यानं वाटते.

पूड घालून मी नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या; त्या काढायला अर्धा तास होता, म्हणून आबांना खाली फाटकाशी चहाच्या टपरीवर घेऊन गेले. जिना उतरताना ते कठड्याला धरून उतरले. टपरीवर निंबाची सावली होती. त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायला, आणि आणखी एक मागवला. "चहा लिधा ना, का छाती मोकयी व्हस," ते म्हणाले. यावर मला हसू आलं. त्या हसण्याबरोबर मला शिकवायचा उमाळा आला, आणि मी सुरू झाले. चहात थिओफायलिनचं अगदी थोडं प्रमाण असतं, त्याची भावंडंही असतात, आणि ती सगळी माझ्याच एन्झाइमला अडवतात. मी त्यांना निरोप्यांची गोष्ट सांगितली. बाहेरून आलेलं संप्रेरक पेशीच्या दाराशी थांबतं, त्याला आत यायची परवानगी नसते. मग आत सायक्लिक एएमपी तयार होतं आणि ते निरोप घेऊन घरभर धावतं. आणि माझं एन्झाइम त्याची कडी उघडून ते बंद करतं.

आबा नीट ऐकत होते. ऐकायची त्यांची एक पद्धत होती, मान थोडी वाकडी करून, जसं ते रुळाचा आवाज ऐकायचे. म्हणाले, "म्हनजे जिनच शे ती. कापूस आत जास, रुई इकडे, सरकी तिकडे. रूय तसाच्या तसा."

"हो, तसंच," मी म्हटलं. मला फार अभिमान वाटला, त्यांचा नव्हे, माझ्या शिकवण्याचा.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "पन एक सांग. ज्यानी निरोप धाडा, त्याले कसं समजस, तो पोचना का नही?"

"त्याला नाही समजत आबा," मी लगेच म्हटलं. उत्तर येत असलेल्या माणसाला उत्तर द्यायची जी घाई असते, ती मला होती. "त्याचं काम दाराशी येऊन थांबण्यापुरतंच."

"हां," आबा म्हणाले. "आसं शे."

मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ते उठले. "बरं. मंग मी जास." मी म्हटलं, आखाजी झाली की दोन दिवसांनी येते. ते म्हणाले, ये ये, तुनं काम व्हऊ दे. रिक्षात बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी नंतर खूप वेळा आठवून पाहिलं आहे, आणि दर वेळी ते थोडं वेगळं दिसतं, म्हणून आता मला त्याचा भरवसा वाटत नाही. रिक्षा वळायच्या आतच मी जिन्याकडे धावले. नळ्यांची वेळ भरत आली होती.

त्या दुपारी थिओफायलिनच्या नळ्या फिक्या निघाल्या, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. बिनऔषधाची नळी गडद निळी, औषध वाढत गेलं तसा निळा उतरत गेलेला. सर म्हणाले, "छान." तो आलेख माझ्या प्रबंधातला सगळ्यात सुरेख आलेख आहे. प्रबंध अजून कपाटात आहे, मी तो उघडत नाही.

आखाजी झाल्यावर दोन दिवसांनी मी गेले नाही, आठ दिवसांनी गेले. तोवर आबांनी जिनिंग सोडलेलं होतं. धुळ्याच्या डॉक्टरांकडे ते एकटे जाऊन आले होते, आणि कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं होती. मी नाव वाचलं. थिओफायलिन. आबा हसले. म्हणाले, "देख, तुनीच गोयी शे."

पुढं हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की पंचाईत झाली. जवळजवळ सगळ्या पारोळ्याला त्यांनी सांगून टाकलं की ही गोळी माझ्या आंडेरनं काढली आहे. आंडेर म्हणजे लेक. मी सुट्टीला गेले की गल्लीतले दमेकरी ओट्यावर येऊन बसायचे. एक आजोबा तर म्हणाले, "बाई, माले दुकाननी नको, तुना हातनी दे." मी किती वेळा आबांना समजावलं, अहो ती गोळी माझ्या जन्माच्या आधीची आहे. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुणाला तरी सांगायचे. ती गोळी घेत ते नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत त्या दुपारबद्दल ते एकदाही बोलले नाहीत, मीही नाही.

या एन्झाइमची एक गोष्ट मला सुरुवातीला फार विचित्र वाटली होती. त्याच्या काही प्रकारांत काम करणाऱ्या भागाला जोडून दुसरा एक भाग असतो, आवरणारा. कधी थांबायचं, कधी जोर करायचा, हे तो ठरवतो. हा आवरणारा भाग कापून टाकला तर एन्झाइम बंद पडेल असं वाटतं ना? पडत नाही. नुसता काम करणारा तुकडा काम करतच राहतो, कधीकधी आधीपेक्षा जोरात. आबा गेले त्यानंतर पाचव्या दिवशी मी वर्ग घेतला होता. सगळे म्हणाले, किती धीराची आहे. धीर कसला! मला थांबवणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

मी धुळ्यात दोन खोल्यांच्या घरात राहते. शेजारी चांगले आहेत. आखाजीच्या आधी सगळ्या इमारतीत पिशव्या भरल्या जातात, मुली जातात, मुली येतात, जिन्यावर आंब्यांचा वास येतो. कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तुम्ही कधी निघणार?" मी म्हणते, पेपर तपासायचे आहेत. दर महिन्याला एकदा मी पारोळ्याला अक्काकडे जाते, तिची औषधं देते, कणग्या-डबे बघते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. तिला धुळ्याला चल म्हटलं की ती कानावर हात ठेवते. इतक्या वेळा गेले, पण आबा त्या दिवशी कशासाठी आले होते ते विचारलं नाही. तिला माहीत असणार हे मला माहीत होतं. न विचारलं की प्रश्नच नव्हता असं होतं, आणि मी त्यातच बरी होते.

या वर्षी ती मुलगी भावाबरोबर गेली आणि मला राहवेना. आखाजीच्या सकाळी पेपरांचे गठ्ठे तसेच ठेवून मी गाडीत बसले. न्यायला कुणी येणार नव्हतं, म्हणून काय झालं.

अक्का पंच्याऐंशीच्या पुढं आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, पण आखाजी ती चुकवत नाही. नवी घागर भरून ठेवलेली, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी. मी पोचले तेव्हा ती उंबऱ्यावर बसून कुंकवाची बोटं उमटवत होती, एकेक पितराचं नाव घेत. सासऱ्यांचं घेतलं, आईबापाचं घेतलं, माझ्या आईचं घेतलं. मग आबांचं. ते बोट जरा लांबलं. मी तिच्याशेजारी खाली बसले आणि बोटं संपायची वाट पाहिली.

"अक्का," मी म्हटलं, "मी शिकत व्हती तवय आबा जयगावले उनथा, मुरायी बनीसन. तुले आठवस का?"

"आठवस ना," ती म्हणाली. "दोन जोडी कपडा लिसन गया व्हता पिशवीमा."

"दोन जोडी कसाले? त्याच दिन परत येवानं व्हतं ना?"

अक्कानं कुंकवाचा हात पदराला पुसला. "तो तुले लेवाले नही गया व्हता, बाई. तुनाजोडे ऱ्हावाले गया व्हता. डाक्तरनी सांगं, छातीमा रुई भरेल शे, आते जिनिंग बंद कर. भेव लागना त्याले. माले बोलना, पोर शिकेल शे, ती समजाडी सांगी. चार दिन तिनाजोडे ऱ्हास. तठेच वट्टावर निजसू. मुरायी म्हनीसन गया, म्हनजे तुले लाज वाटावाले नको."

गल्लीत मुली झोक्यावर चढल्या होत्या, त्यांचं हसणं इथपर्यंत येत होतं. डॉक्टरांच्या बोलण्यानं घाबरून माझ्याजवळ राहायला आलेल्या माणसाशी त्या टपरीवर मी अर्धा तास बोलले होते. दम कसा लागतो, तो कशानं सुटतो, सगळं सगळं मी आबांना सांगितलं होतं, एका बोकडाच्या भेज्यासंबंधी. मी लहान पोरीसारखी अक्कावरच चिडले. "मंग त्यानी माले सांगं का नही?"

अक्का माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. पुढं तिनं जे विचारलं ते तिला खरंच माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत तिलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तू इचारं का त्याले?"

"नही," मी म्हटलं.